मीटरपट्टीनेही उत्तरे वेगळी येतात

मापनाचा पाठ कोणत्याही इयत्तेचा असो, त्याची सुरुवात बहुधा एकाच कृतीने होते. मुलांना वर्गातले टेबल किंवा एखादी दोरी वितीने, हाताने मोजायला सांगितले जाते. कुणाच्या सात विती भरतात, कुणाच्या साडेआठ. मग शिक्षक विचारतात, "असे का झाले?" मुले सांगतात, "प्रत्येकाची वीत वेगळी." यावरून सर्वांना सारखे असे एखादे प्रमाण हवे, हे मुलांच्या लक्षात येते, आणि मीटर, किलोग्रॅम, सेकंद यांचा वर्गात प्रवेश होतो. कृती चांगली आहे. ती सोपी आहे, बिनखर्ची आहे आणि मुलांना आवडते.

अडचण पुढे येते. वितीने वेगवेगळी उत्तरे आली म्हणून आपण मीटरपट्टी आणली. आता तेच टेबल तीच मुले मीटरपट्टीने मोजू लागली, तर सर्वांचे उत्तर एकच येईल का? ज्या शिक्षकांनी हे वर्गात करून पाहिले आहे त्यांना उत्तर ठाऊक आहे. ते येत नाही. पण आपल्या पुस्तकातील कृती नेमकी या पायरीवर थांबते. मुलांच्या मनावर ठसते ते असे : पूर्वी लोक वितीने मोजत, तेव्हा घोटाळा होत असे, आता मीटर आला आणि घोटाळा संपला. हे खरे नाही. मापन शिकवताना आपण एकके शिकवतो, पण मोजणे शिकवायचे राहून जाते, असे या लेखात मांडायचे आहे.

पुस्तक काय सांगते?

महाराष्ट्रात २०१७ साली आलेल्या सातवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात 'भौतिक राशींचे मापन' हा स्वतंत्र पाठ आहे. मापनाला संपूर्ण पाठ दिला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. भौतिक राशी म्हणजे काय, तिला संख्या आणि एकक दोन्ही का लागतात, अदिश व सदिश राशी, वस्तुमान आणि वजन यांतील फरक, प्रमाणित मापनाची गरज, एमकेएस पद्धत असा त्याचा क्रम आहे. अचूक मापनाचाही विचार त्यात आहे, आणि मापात फसगत होऊ नये म्हणून ग्राहकाने जागरूक असावे, ही जाणीवही आहे. बाजाराशी नाते जोडणारा मापनाचा पाठ पुस्तकात असणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही दोन आक्षेप घ्यावेसे वाटतात.

पहिला आक्षेप क्रमाविषयी आहे. मुलाने अजून एखादी वस्तू स्वतः तोललेली नाही, तोच त्याला वस्तुमान आणि वजन यांतला भेद पाठ करावा लागतो. वस्तूचे चंद्रावरचे वजन किती, हे त्याला सांगता येते. पण आपले दप्तर किती किलोचे आहे याचा अंदाज तो करू शकत नाही. वस्तुमान आणि वजन यांतला भेद महत्त्वाचा आहेच. परंतु वाण्याकडे "पाव किलो वजन करा" म्हणणारे मूल या पाठानंतर एवढेच शिकते, की आपण घरी बोलतो ते चूक असते. काटा हातात न घेताच मिळालेला हा धडा फारसा उपयोगी पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मापनात त्रुटी का येतात याची दोन कारणे या पाठात दिली आहेत. योग्य साधन न वापरणे हे एक, आणि साधन योग्य रीतीने न वापरणे हे दुसरे. दोन्ही कारणे खरी आहेत. पण दोन्हींमध्ये दोष मोजणाऱ्याचा आहे. म्हणजे योग्य साधन घेतले आणि ते नीट वापरले, की त्रुटी उरत नाही, असा अर्थ मूल काढते. तिसरे कारण, जे सर्वांत मूलभूत आहे, ते राहून जाते. उत्तम साधन उत्तम रीतीने वापरले तरी पुन्हा पुन्हा घेतलेली मापे थोडी कमीजास्त येतात. हा कोणाचा दोष नव्हे, हा मोजण्याचा स्वभावच आहे.

चूक आणि तफावत

हे मुलांना समजेल का? समजते, आणि एका तासिकेत समजते. वर्गातला एक बाक निवडावा. प्रत्येक गटाला एक तीस सेंटिमीटरची पट्टी द्यावी आणि बाकाची लांबी मोजून चिठ्ठीवर लिहायला सांगावी. दुसऱ्या गटाला दाखवायची नाही. सर्वांचे झाल्यावर फळ्यावर एक आडवी रेषा ओढून तिच्यावर सेंटिमीटर मांडावेत आणि प्रत्येक गटाने आपल्या उत्तराच्या जागी एक फुली मारावी.

समजा, पाच गटांची उत्तरे ११९.६, १२०.१, ११९.९, १२०.४ आणि ११८.२ सेंटिमीटर अशी आली. फळ्याकडे पाहताच मुले सांगतात की चार फुल्या एकत्र आहेत आणि एक लांब पडली आहे. आता खरी चर्चा सुरू होते. लांबच्या फुलीच्या गटाने पुन्हा मोजून दाखवावे. कदाचित त्यांची पट्टी टोकाला झिजलेली असेल आणि शून्याची खूण काठापासून थोडी आत असेल. कदाचित त्यांनी पट्टी उचलून पुढे ठेवताना खूण केली नसेल. कारण सापडले, की त्याला चूक म्हणावे. चूक शोधता येते आणि दुरुस्त करता येते.

उरलेल्या चार फुल्यांचे काय? तिथे कोणाचीच चूक सापडत नाही. पट्टी चार वेळा पुढे सरकवावी लागते, प्रत्येक वेळी पेन्सिलीची खूण अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होते, बाकाची कडा गोलसर असते, डोळा थोडा तिरका असतो. ही तफावत आहे. ती कमी करता येते. लांब टेप आणला तर ती नक्की कमी होईल, आणि तसे करून दाखवावेच. पण ती शून्य होणार नाही. या चार मापांची सरासरी १२०.० येते, आणि सर्वांत दूरचे मापही तिच्यापासून ०.४ सेंटिमीटरवर आहे. म्हणून बाक १२० सेंटिमीटर आहे, अर्धा सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे, असे उत्तर लिहावे. बाकाविषयी आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच हे वाक्य सांगते.

इथे शिक्षकाने एक मोह टाळायला हवा. "बरोबर उत्तर किती, सर?" असे मुले विचारतातच. खिशातून टेप काढून "हे पाहा, १२०.२" असे सांगितले, की सगळी मेहनत वाया जाते. शिक्षकाचा टेप हाही एक टेपच आहे. त्याचीही एक फुली रेषेवर मारावी.

प्रमाणाची गोष्ट

तफावत ही शाळकरी हातांची मर्यादा आहे, असे कुणाला वाटेल. त्यासाठी किलोग्रॅमची कथा वर्गात अवश्य सांगावी. १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्र येथे काचेच्या झाकणांखाली जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. त्याच्या प्रती देशोदेशी पाठवलेल्या होत्या. भारताची ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांची अधूनमधून तुलना होई. शंभर वर्षांच्या अवधीत त्यांच्यात सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत फरक पडल्याचे दिसून आले. ठोकळा हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगण्याचा मार्ग नव्हता, कारण व्याख्येप्रमाणे ठोकळा कधीच चुकू शकत नव्हता! अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावरून काढून प्लांक स्थिरांकावर बसवण्यात आली. २०१९ पूर्वी छापलेल्या पुस्तकांत साहजिकच तो ठोकळाच भेटतो. शिक्षकांनी ही दुरुस्ती तोंडी करावी. पण दुरुस्तीपेक्षा मोठी गोष्ट ही, की जगातल्या सर्वांत काळजीने जपलेल्या वजनांतही तफावत होती, आणि शास्त्रज्ञांनी ती लपवली नाही. ती मोजली.

आपला कायदाही तफावत मान्य करतो. २००९ चा वैधमापन कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्याखालील बंदिस्त वस्तूंच्या नियमांत कोणत्या वजनाच्या पाकिटात किती फरक चालेल याचे कोष्टकच दिले आहे. पाचशे ग्रॅमपासून एक किलोपर्यंतच्या पाकिटासाठी ही मर्यादा १५ ग्रॅम आहे. मात्र तपासलेल्या पाकिटांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी भरता कामा नये, अशीही अट आहे. किती सुंदर गोष्ट आहे ही! एका पाकिटात फरक असू शकतो, पण तो नेहमी दुकानदाराच्याच बाजूने असेल तर ती तफावत नव्हे. सातवीच्या मुलाला हे समजते, कारण फळ्यावरच्या फुल्या त्याने पाहिलेल्या असतात. या बाबतीत आपला कायदा आपल्या पाठ्यपुस्तकाच्या एक पाऊल पुढे आहे.

नाना चौक आणि होशंगाबाद

हे सारे कुणाला परदेशी वाटू नये. शालेय विज्ञान करून शिकवण्याचा विचार मुंबईतही फार जुना आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आधाराने सुरू झाले. आज ते मानखुर्दला आहे, पण त्याची सुरुवातीची वर्षे गिरगावला लागून असलेल्या नाना चौकातील महापालिकेच्या शाळेत गेली. व्ही. जी. कुलकर्णी यांच्यासारखे शास्त्रज्ञ पालिकेच्या शाळांतील मुलांच्या विज्ञानाकडे गांभीर्याने पाहत होते. याच केंद्रातील जयश्री रामदास यांच्या 'हलके-फुलके विज्ञान' या मालिकेत प्राथमिकच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक, कार्यपुस्तक आणि शिक्षकांसाठी पुस्तक असे तीन भाग केले आहेत. उत्तर पुस्तकात शोधू नये, भोवताली पाहून आणि मोजून लिहावे, ही त्यामागची दृष्टी.

शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांपासून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या पाठीशीही टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ होते. पुढे 'एकलव्य' या संस्थेने तो सांभाळला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत मापातील घट-बढ हा मुद्दाम शिकण्याचा विषय मानला होता. मुलांनी मोजावे, सर्वांची मापे एकत्र मांडावीत, त्यांतला फरक पाहावा आणि मग निष्कर्ष काढावा. विशेष म्हणजे त्यांची परीक्षाही तशीच होती. पुस्तक उघडून लिहिण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला गुण होते. तीस वर्षे सरकारी शाळांतून चाललेला हा कार्यक्रम २००२ साली बंद करण्यात आला. तो का बंद झाला हा वेगळा विषय आहे. साध्या शाळांत, साध्या साधनांनी आणि साध्या शिक्षकांच्या हातून मोजणे शिकवता येते, एवढे त्याने दाखवून दिले. म्हणून 'आपल्याकडे हे शक्य नाही' या म्हणण्याला आधार नाही.

शहरात मिसळलेली मापे

दुसरी एक गोष्ट आपल्या पुस्तकांनी हातची घालवली आहे. ती म्हणजे भोवतालची जुनी मापे. १९५६ साली भारताने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारातले शेर-मण जाऊन किलो आले. साऱ्या देशाची मापे काही वर्षांत बदलणे हे मोठेच काम होते. पण मापे गेली तरी त्यांची नावे गेली नाहीत. पुस्तके या नावांकडे कालबाह्य म्हणून पाठ फिरवतात. वस्तुतः मेट्रिक पद्धत शिकवण्याचे ते उत्तम साहित्य आहे.

दादरच्या साडीच्या दुकानात 'नऊवारी' मागितली जाते. वार म्हणजे ०.९१४४ मीटर, तेव्हा नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. सहावारी ५.४९ मीटर भरते. दुकानदार साडेपाच मीटर म्हणतो ते त्यामुळेच. घरच्या साड्या मोजून आणायला सांगावे. किती नऊवारी साड्या खरोखर नऊ वार भरतात? इथे चूक, तफावत आणि फसवणूक या तिन्हींचा विचार एकदम करावा लागतो.

तोळ्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज सराफाकडे बोलताना तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात. १९५५ साली घडवलेल्या आजीच्या पाटल्या पाच तोळ्यांच्या असतील, तर त्या ५८.३ ग्रॅमच्या असतील. आजच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या ५० ग्रॅमच्या. शब्द तोच, वजन वेगळे. संख्येबरोबर एकक लिहावे, असे आपण मुलांना शंभर वेळा सांगतो. पण एककाची व्याख्याही विचारावी लागते, हे या एका उदाहरणाने कायमचे लक्षात राहते.

गिरणगावातल्या कृती

परळ-लालबागच्या शाळांना तर मापनाची प्रयोगशाळा शोधायला कुठे जावे लागत नाही. तीन कृती सुचवतो.

पहिली सुताची. अनेक मुलांचे आजोबा गिरणीत होते. त्यांना 'चाळीस नंबरचे सूत' म्हणजे काय ते विचारून यायला सांगावे. या मोजणीत ८४० वारांची एक लड धरतात, आणि एका पौंडात जितक्या लडी बसतील तो सुताचा नंबर. म्हणजे चाळीस नंबरच्या एका पौंडात ३३,६०० वार सूत, सुमारे ३०.७ किलोमीटर. लालबागहून निघून ठाण्याच्या पुढे जाईल एवढे सूत, वजन अवघे ४५४ ग्रॅम! यात नंबर वाढला की सूत बारीक होते. मेट्रिक पद्धतीत एक किलोमीटर सुताचे ग्रॅममधले वजन मोजतात. त्याला टेक्स म्हणतात. चाळीस नंबर म्हणजे सुमारे १४.८ टेक्स. टेक्स वाढला की सूत जाड होते. एकच गुण दोन उलट दिशांनी मोजता येतो, हे कळण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. आता शिवणाच्या दोऱ्याचे एक रीळ घ्यावे. त्यावर लांबी छापलेली असते. भरलेले रीळ तोलावे, दोरा संपल्यावर रिकामे तोलावे आणि टेक्स काढावा. दहा मीटर दोरा तोडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर काटा हलतही नाही. म्हणून संपूर्ण रीळ तोलायचे. लहान गोष्ट मोजायची तर ती पुष्कळ घ्यावी, ही युक्ती मुलांना इथे स्वतःहून सुचते. मग शंभर कागदांच्या गठ्ठ्यावरून एका कागदाची जाडी काढणे ती आपणहून करतात.

दुसरी कृती मिरचीची. उन्हाळ्यात लालबागला मिरची घेऊन डंकावर कुटून आणण्याची रीत अजून आहे. एक किलो मिरची दिली तर तिखट एक किलो मिळते का? कुटण्याआधी आणि नंतर तोलावे. तूट आली तर ती कुठे गेली? देठ काढले होते का? मिरची उन्हात आणखी वाळवली का? डंकाला किती चिकटले, हवेत किती उडाले? प्रत्येक कारण स्वतंत्रपणे तोलता येईल का, असे विचारावे. मुलांनी एक दिवस उन्हात ठेवलेली मिरची सकाळ-संध्याकाळ तोलली, की पाण्याचा हिशेब लागतो. वस्तुमान अक्षय्य असते हे पुस्तकातले वाक्य इथे तपासून पाहता येते.

तिसरी कृती पावसाची. पाऊस मिलिमीटरमध्ये का सांगतात, हे दहावीच्या मुलांनाही बहुधा सांगता येत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी साचले तर ते बरोबर एक लिटर भरते. हे वर्गात करून दाखवता येईल. सरळ बाजूंची बाटली कापून तिचाच वरचा भाग उलटा बसवला, की पर्जन्यमापक तयार. तो गच्चीत ठेवावा, दुसरा चाळीच्या गॅलरीच्या कठड्यावर, तिसरा शाळेच्या पटांगणात. तिन्हींत वेगवेगळा पाऊस सापडेल, आणि कठड्यावरचा सर्वांत फसवा असेल. मग मुलांना २६ जुलै २००५ ची नोंद सांगावी. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३ मिलिमीटर. 'मुंबईत किती पाऊस पडला?' या प्रश्नाचे बरोबर उत्तर काय? दोन्ही यंत्रे चांगली, दोन्ही निरीक्षक जाणकार. प्रश्नच अपुरा होता. कुठे मोजले, हे मापाचा भाग असते.

कुठून कुठपर्यंत?

हा शेवटचा मुद्दा केवळ विज्ञानाच्या गुणांचा नाही. गिरगाव, परळ, लालबाग, नायगाव इथल्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांची घरे आज पुनर्विकासात आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तिच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर ठरले आहे. वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळीही याच योजनेत आहेत. इतर चाळींत हे आकडे वेगळे, पण घराघरांत बोलणे 'किती फूट?' याचेच असते. आणि कागदावर ते पुष्कळदा चौरस मीटरमध्ये येते.

आता एक हिशेब पाहा. आतून १० फूट बाय १६ फूट असलेली खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे १४.९ चौरस मीटरची. हीच खोली चारही भिंतींच्या बाहेरून मोजली आणि भिंत नऊ इंचांची धरली, तर ती ११.५ बाय १७.५ फूट होते, म्हणजे २०१ चौरस फूट. खोली तीच, पण माप चौथ्या हिश्शाने वाढले. यात कुणाची पट्टी चुकलेली नाही. कुठून कुठपर्यंत मोजले, एवढाच फरक आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या केली ती यासाठीच. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची त्यात धरायची नाही. आतल्या विभाजक भिंती धरायच्या. व्याख्या कळली नाही, तर आकडा कळून उपयोग नाही.

याच ठिकाणी आणखी एक खड्डा आहे. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट हे मुलांना पाठ असते, म्हणून एक चौरस मीटर म्हणजे ३.२८ चौरस फूट असे ती धडधडीत लिहितात. वर्गाच्या फरशीवर खडूने एक मीटर बाजूचा चौरस काढावा आणि वर्तमानपत्रातून एक फूट बाजूचे चौरस कापून त्यावर मांडावेत. नऊ चौरस मांडून झाल्यावरही थोडी पट्टी उरते. १०.७६ हा आकडा मग कुणाला पाठ करावा लागत नाही. पाठोपाठ प्रत्येकाने आपली खोली आतून मोजून, वहीत नकाशा काढून, चौरस मीटर आणि चौरस फूट या दोन्हींत क्षेत्रफळ काढावे. मात्र ज्या मुलांना घर लहान असल्याचा संकोच वाटेल त्यांना शाळेची एखादी खोली द्यावी. आकड्यांची तुलना वर्गात जाहीर करू नये.

एकच बरोबर उत्तर असते आणि ते ज्याच्या हातात टेप आहे त्याच्याकडे असते, अशी समजूत घेऊन मूल शाळेतून बाहेर पडले, तर मोठेपणी ते आकड्यापुढे मान तुकवील. ज्याने स्वतः मोजले आहे ते तीन प्रश्न विचारील. कुठून कुठपर्यंत मोजले? कशाने मोजले? किती कमीजास्त असू शकते? आईवडिलांच्या हाती करारनामा येतो तेव्हा असे विचारणारे एक मूल घरात असणे ही लहान मदत नाही.

वेळ आणि गुण

साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका आणि पुढे उभी असलेली चाचणी ही शिक्षकांची अडचण खरी आहे. वर सांगितलेल्या सर्व कृती करा, असे म्हणणे नाही. एक बाक, एक आडवी रेषा आणि साठ फुल्या, एवढे एका तासिकेत होते. साड्या, मिरच्या आणि रीळ घरी मोजता येतात. वजनाचा काटा आज पुष्कळ घरांत असतो; नसेल तर हँगर, दोन वाट्या आणि एक-दोन रुपयांची नाणी यांनी तराजू होतो. नाण्याचे वजन आधी वाण्याकडे पन्नास नाणी एकत्र तोलून काढावे, म्हणजे तिथेही सरासरीचा सराव होतो.

खरा अडसर परीक्षेचा आहे. 'फरक सांगा', 'जोड्या लावा' अशाच प्रश्नांना गुण मिळत राहिले, तर कृती ही हौस ठरते आणि हौसेला वेळ नसतो. पण मोजण्यावर लेखी प्रश्नही विचारता येतो, त्यासाठी साहित्य लागत नाही. घटक चाचणीत पुढील प्रश्न घालून पाहावा :

पाच विद्यार्थ्यांनी वर्गातील एकाच खिडकीची रुंदी मोजली. त्यांची मापे ९१.२, ९१.०, ९१.४, ८१.३ आणि ९१.१ सेंटिमीटर अशी आली. (१) कोणाला पुन्हा मोजायला सांगाल? त्याचे काय चुकले असावे? (२) खिडकीची रुंदी किती लिहाल? (३) या खिडकीत नेमकी ९१.२ सेंटिमीटर रुंदीची काच बसवायला आणली तर कोणती अडचण येऊ शकेल?

तिसऱ्या उपप्रश्नाला एकच छापील उत्तर नाही. कुणी लिहील, काच अडकेल. कुणी लिहील, चौकटीच्या खाचेत किती जाते ते आधी पाहावे लागेल. कुणी लिहील, वर-खाली दोन्हीकडे पुन्हा मोजावे, खिडकी सरळ नसेल. या तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावेत.